तणासंगं पीक

साळवे सर प्रार्थना चालू असतानाही वाकून मैदानातलं गाजरगवत उपटायचे. आम्ही हसलो की डोळे वटारायचे आणि उपटलेलं गवत खिशात कोंबायचे. भोकरदनला त्यांनी आम्हाला जीवशास्त्र शिकवलं, तेही सगळं शेतातले दाखले देऊन. आज त्यांच्याच जागेवर मी शिकवतो आणि दाखले बिनदिक्कत त्यांचेच वापरतो.

निवृत्तीनंतर ते पिंपळगाव रेणुकाईला मिरची करत. रविवारी मी जायचो. माझ्यासाठी एक खुरपं ठेवलेलं असायचं. एका हंगामात त्यांना माणसांची नावं आठवेनाशी झाली. एकटेच जाऊन तपासणी करून आले आणि मिरचीच्या ओळीत बसून त्यांनी मला स्वतःचा आजार शिकवला.

"म्हातारपणी मेंदूत प्रथिनांचा गाळ साचतो. तो काढाया शरीराच्याच राखणदार पेशी असतात. आधी बराबर खुरपतात. मंग तण आवरंना झालं की पिसाळतात, अन् तणासंगं पीकबी उपटतात."

माझं खुरपं थांबलं. सरांचा हात मात्र चालूच होता.

"तुझ्या काकूला ठाऊक न्हाई. माझ्या हातून रोप उपटलं, त्या दिवशी मला सांग. तिला मीच सांगीन, मला समजतंय तवर."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं!

पुढच्या हंगामात त्यांच्या गवताच्या ढिगात मिरचीची दोन रोपं दिसली. सर पाठमोरे होते. मी ती गुपचूप मातीत खोचली, तांब्याभर पाणी घातलं. चुकून येतंच एखादं, अशी मनाची समजूत काढली. त्यानंतर दर रविवारी हेच. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

मग पेपर तपासण्यात तीन रविवार चुकले. चौथ्या रविवारी गेलो तर काकू बांधावर उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी उपटलेल्या मिरचीचा ढीग वाळत होता. रानात नुसतं गाजरगवत उभं होतं आणि सर त्याला तांब्याने पाणी घालत होते. हे कधीपासून चाललंय, असं काकूंनी मला विचारलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी सरांजवळ जाऊन बसलो. कबूल केलं होतं ते आता सांगितलं.

"सर, मिरची उपटली गेली."

त्यांनी डोळे वटारले, अगदी शाळेतल्यासारखे.

"कोणी उपटली?"