तबक कोणी धरायचं

सोलापुरात मला यंदापर्यंत कुणी एकही कार्यक्रम शेवटपर्यंत करू दिला नव्हता. मी गंमत करत नाहीये. सकाळी रेडिओवर बोलते तेव्हा निम्मं शहर ऐकत असतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालू असतात, तिथूनही फोन येतात. मागांच्या खडखडाटात कुणीतरी ओरडून सांगतं, "ताई, काय बी ऐकू येत न्हाय, पण तुमी बोला!" रेडिओवर माझ्या बोलण्यात फक्त जाहिरात येते आणि तिची वेळ ठरलेली असते. स्टेजवर मात्र सत्कार येतो, आणि त्याला काळवेळ नसते.

स्टँडअप म्हणजे एकटीनं माईक धरून उभं राहायचं आणि तासभर लोकांना हसवायचं. ज्या वाक्याला लोक हसतात, त्याची तयारी बरीच आधीपासून चाललेली असते. मधे कुणी आलं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. बाहेरगावी लोक फार तर मोबाईल बघतात, त्याचं मला काही नाही. आमच्याकडे प्रमुख पाहुणे येतात, तेही उशिरा.

आमच्याच जिल्ह्यात, दुधनीला व्यापाऱ्यांनी बोलावलं होतं. मला बघायला आलेल्या पहिल्या स्थळाचा किस्सा ऐन रंगात आला होता. समोरचे शेठ डोळे पुसत होते. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली आणि संयोजकांनी "एक मिनिट हं ताई" म्हणत माझ्या हातातून माईक काढून घेतला. मग पाहुण्यांना टॉवेल-टोपी, त्यांच्याबरोबर आलेल्या सगळ्यांना टॉवेल, मंडपवाल्याला टॉवेल. सगळे दमल्यावर कुणाला तरी आठवलं, "ताईंचा पण करा की!" आता बाईच्या खांद्यावर पुरुषानं शाल घालायची नसते, म्हणून बाईचा शोध सुरू झाला. तिसऱ्या रांगेतल्या एका आजींना दोघींनी धरून वर आणलं. त्या बिचाऱ्या कानडीतून नको नको म्हणत होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावरूनच शाल टाकली. मग माईक परत आला आणि संयोजक म्हणाले, "हां, बोला आता. कुठवर आलं होतं?"

कुठवर आलं होतं ते तिथं कुणालाच आठवत नव्हतं. मलाही नाही.

हे एकदा झालं असतं तर मी विसरले असते. गणपतीत झालं, कॉलेजच्या गॅदरिंगला झालं, एका डॉक्टरांच्या साठीलाही झालं. चिडले की लोक समजूत घालतात, "अहो, मानच देतायत ना?" मान! ज्या कामासाठी बोलावलंत ते काम पुरं करू देणं हा मान नव्हे? साठीच्या त्या डॉक्टरांना कुणी ऑपरेशन चालू असताना नारळ दिला असता का? माझं काम म्हणजे पाहुणे येईपर्यंत लोकांना खुर्चीत बसवून ठेवणं, एवढीच सगळ्यांची समजूत. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण वागतात तसंच.

आणि माझ्याच घरात हे कुणाला पटत नव्हतं. कारण आप्पा.

आप्पा, म्हणजे माझे वडील, केम गावाहून सोलापुरात आले आणि एका हायस्कूलमध्ये शिपाई म्हणून लागले ते तिथंच निवृत्त झाले. घंटा देणं, टपाल नेणं हे होतंच. पण त्यांची खरी ओळख तबक. शाळेत कुणाचाही सत्कार असो, शाल-श्रीफळाचं तबक आप्पांच्या हातात. डाव्या बाजूनं स्टेजवर चढायचं, पाहुण्यांच्या एक पाऊल मागं थांबायचं, फोटोत आपलं तोंड येऊ द्यायचं नाही. निवेदकानं "सत्कार करण्यात येत आहे" म्हटलं की तबक घेऊन निघायचं. यात त्यांची कधी चूक झाली नाही, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! मी लहानपणी हळदीकुंकवाला शेजारणींना वाण द्यायला निघाले तरी ते म्हणायचे, "ताट दोनी हातानं धर की."

त्यांच्या निरोपसमारंभाला आम्ही सगळे गेलो होतो. निवेदक सरांनी आप्पांचं नाव पुकारलं, सत्कार करण्यात येत आहे म्हणाले, आणि तबक घेऊन आप्पाच आले. दुसऱ्या कुणाला आणायला सांगावं हे एवढ्या मोठ्या शाळेत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आप्पांनी तबक टेबलावर ठेवलं, वळसा घालून पुढं आले आणि शालीसाठी मान वाकवली. स्टाफ पोट धरधरून हसला. आप्पाही हसले. घरी आल्यावर आई म्हणाली, "चांगला झाला की कार्यक्रम." मी जेवले नाही.

हसवणं हा माझा धंदा आहे. असा किस्सा हातात असताना कुठल्याही कॉमेडियनच्या हाताला खाज सुटेल. मी तो कधीही स्टेजवर सांगितला नाही. त्या हसण्याचा राग अजून माझ्या पोटात तसाच आहे.

शेवटी यंदा मी ठरवलं, आपला कार्यक्रम आपणच करायचा. छोटं सभागृह घेतलं, रविवारची संध्याकाळ, तिकीट लावलं. स्टेजवर खुर्ची नाही, पाहुणे नाहीत, हार नाही, नारळ नाही. एकदा, फक्त एकदाच, मला माझ्या गावात शेवटचं वाक्य बोलून स्वतःच्या हातानं माईक खाली ठेवायचा होता.

आप्पांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "बिनसत्काराचा कारेक्रम? लोक काय म्हनतील, पोरीला कुनी इचारत न्हाय?"

"आप्पा, नको म्हणजे नको."

"व्हय, बरं," म्हणाले.

रविवारी ते पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. सभागृह भरलेलं. लोक तिकीट काढून आले होते आणि खरंच ऐकत होते. पाऊण तास कुणी उठलं नाही. मला हवेत तरंगल्यासारखं होत होतं.

शेवटचा किस्सा सत्काराचाच होता. दुधनीचा राग, गणपतीचा राग, सगळा त्यात ओतला होता. मीच संयोजक झाले, मीच पाहुणे झाले, शाल घालणाऱ्या आजीही मीच झाले. लोक खुर्च्या बडवत होते. मग निवेदकाचा तो जड आवाज काढला: "यानंतर, शाल व श्रीफळ देऊन, सत्कार करण्यात येत आहे..."

आणि आप्पा उठले.

पिशवीतून त्यांनी ताट काढलं. घरचंच स्टीलचं ताट, त्यात घडी केलेली शाल, नारळ, हळदीकुंकवाची वाटी. दोन्ही हातांनी धरून ते डावीकडच्या पायऱ्यांकडे चालू लागले, ताठ, समोर बघत, नोकरीभर चालले तसे. त्यांनी काही ठरवून केलं असं मला वाटत नाही. शाल मला शेवटी द्यावी म्हणून आणली असेल, पण ते शब्द कानावर पडले आणि पाय निघाले.

सभागृह हसून हसून कोसळलं. मी आप्पांना मुद्दाम बसवून ठेवलं होतं असंच सगळ्यांना वाटलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा तो, आणि तो आप्पांवर होता. पुन्हा आप्पांवर. ते पायरीवर थबकले, वळून लोकांकडे बघितलं आणि हसले. अगदी त्या दिवशीसारखे.

"हसू नका," मी माईकवर म्हणाले. लोक आणखी हसले. "अहो, खरंच हसू नका!" एक जण शिट्टी वाजवायला लागला. तोंडाला असा धंदा लावून घेतलाय की खरं बोललं तरी लोक टाळी देतात. त्या क्षणी माईक फेकून मारावासा वाटला, पण नेमका कुणाला?

मी स्टेजच्या कडेला गेले. माईक बाजूला धरून म्हणाले, "आप्पा, बसा. झालं की या."

"चुकलं का गं?"

"न्हाय. अजून वेळ हाय."

ते जाऊन बसले, ताट मांडीवर. मी किस्सा पुरा केला, शेवटचं वाक्य बोलले, माईक खाली ठेवला. टाळ्या खूप वेळ चालल्या. ज्यासाठी एवढी वर्षं तडफडले ते झालं, आणि मला साधा आनंदसुद्धा झाला नाही.

पडद्यामागं आमच्या रेडिओचे साहेब आले. "काय एंट्री टाकलीस! त्या म्हाताऱ्याला प्रत्येक शोला घे."

"ते माझे वडील आहेत."

"अरे वा! मग तर सोपंच झालं."

त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. नोकरी अजून आहे, एवढंच.

परत आले तर सभागृह रिकामं झालं होतं. आप्पा त्यांच्या नेमक्या जागी उभे होते: स्टेजची डावी बाजू, हातात ताट, मी उभी होते तिथून एक पाऊल मागं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते तसेच थांबले. मग इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "पावनं कोन हायती? बाईमानूस लागंल की."

"कोण न्हाय. तुमीच घाला."

"मी?" ते खरोखर घाबरले. "मी कदी घातली न्हाय गं. मी निस्तं धरतो."

एवढ्या शाली, एवढे खांदे, आणि या माणसाला एकदाही कुणी म्हटलं नाही की घाला. मला रडू आलं, पण त्याहून राग जास्त आला, त्या शाळेचा, हसणाऱ्यांचा, सगळ्या गावाचा. तो मी गिळला नाही, तसाच ठेवला.

"ताट हिकडं द्या," मी म्हणाले आणि त्यांच्या हातातून घेतलं, दोन्ही हातांनी. "मी धरते. तुमी घाला."

आप्पांनी आधी हात शर्टाला पुसले, मग शाल उचलली.