त्या पाडव्याला आमच्या गाई आखरावर गेल्या नाहीत

बाळांनो, तुमच्या बाबांनी तुम्हाला इतकंच सांगितलं आहे की त्या दिवाळीत गाईंना ताप आला, म्हणून आजी नागपूरला आली नाही. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. पूर्ण गोष्ट आता लिहिते आहे, कारण माझं कुठे चुकलं तर टोकणारा माणूस अजून आहे. हे कागद आधी त्याला वाचून दाखवीन आणि मग तुम्हाला पाठवीन.

तो माणूस म्हणजे आपल्या गोठ्याचा गायकी, गाई राखणारा. तुमच्या पणजोबांनी रामपायलीच्या वाटेवर गवळाऊ जातीच्या दोन गाई घेऊन गोठा उभा केला, तेव्हा त्या राखायला याचा बाप आला. बापामागे हा आला. मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले, जवळच्या शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले, आणि तुमचे आजोबा गेल्यावर निवृत्त होऊन गोठ्यात शिरले. भिंतीला चुना लावला, गाईंना नंबर दिले, वही ठेवली. गायकी वहीकडे बघायचा नाही. कोणती गाय कधी फळली ते त्याला तोंडपाठ होतं, आणि वहीत माझ्या दोन चुका त्यानेच काढल्या होत्या.

तुम्ही गायगोधन पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. दिवाळीच्या पाडव्याला गावातली सगळी ढोरं आखरावर जमतात. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, रोज सकाळी चरायला जाण्याआधी ढोरं तिथेच गोळा होतात. तिथे शेणाचा गोवर्धन करून पूजा होते आणि त्यावरून गाई जातात. सगळ्यांत पुढे आपल्या गोठ्याच्या गाई असायच्या. हा मान आपला नव्हता, गायकीच्या घराचा होता. त्याच्या बापाने हाकलेल्या गाई पुढे, म्हणून याच्याही पुढे. वर्षभर दुसऱ्याची ढोरं राखणाऱ्या माणसाला गावात एवढा एकच दिवस मिळतो.

त्या वर्षी लंपी आली. आधी परसवाड्याकडून बातम्या आल्या, मग जवळच्या गावांतून. गाईच्या अंगावर गाठी उठतात, ताप चढतो, आणि माश्यांनी रोग एका जनावराचा दुसऱ्याला जातो. ढोरं एकत्र आणू नका, असं डॉक्टर सांगून गेले होते. पण पूजा म्हणजे काही बाजार नव्हे, असं गावाचं म्हणणं पडलं. पाडव्याच्या आठ दिवस आधी मी गोठ्याचं फाटक बंद केलं. बाहेरचं जनावर आत नाही, आतलं बाहेर नाही.

आदल्या संध्याकाळी गायकी ओसरीखाली येऊन उभा राहिला. उद्या गाई न्याव्या लागतील, म्हणाला. मी नाही म्हटलं. मग त्याने विचारलं, पुढच्या गाईच नसतील तर गोवर्धन कोण तुडवणार? मी म्हटलं, कुणाच्याही गाई तुडवोत. हे बोलायला नको होतं. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला, तरी मी फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. आपल्या माणसासमोर कुलूप लावायची ती पहिलीच वेळ.

सकाळी मी कुलूप काढलं, त्याने धारा काढल्या आणि दूध माझ्या हातात न देता ओसरीवर ठेवलं. आखरावर जायचं नसलं तरी शिंगं रंगवायचीच, म्हणून तो आणि त्याची सून दुपारी गेरू घेऊन बसले. थोड्या वेळाने सून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि मामंजी बोलावतात म्हणाली.

तो नव्या कालवडीजवळ उभा होता. तिच्या मानेवर त्याचा तळहात होता.

ही कालवड मी पाडव्याच्या बारा दिवस आधी घेतली होती. कानात बिल्ला होता, लस टोचल्याचा कागद होता, कागदावर शिक्का होता. आणली त्या दिवशी गायकीने तिच्या नाकाला हात लावला आणि मला म्हणाला होता, "बाई, हिले पंधरा दिवस अलग बांधा." मी त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, "कागद तुमी वाचला. हिनं थोडी वाचला." मी हसले आणि तिला ओळीत बांधलं. फाटक बंद करण्याआधी चार दिवस ती गावच्या ढोरांबरोबर चरायला गेली होती.

मी तिच्या मानेवर हात ठेवला. कातड्याखाली हरभऱ्यासारख्या गाठी होत्या. ताप मोजला, एकशे पाचच्या वर. लस टोचली त्याआधीच रोग अंगात शिरला असणार, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की मी ज्याला बाहेर ठेवत होते तो आधीपासून आत होता, आणि आतून चार दिवस बाहेर फिरून आला होता. गावातल्या कोणत्या ढोराला लागला असेल ते सांगता येत नव्हतं. आणि ती सगळी ढोरं तासाभरात एका जागी अंगाला अंग लावून उभी राहणार होती.

मी डॉक्टरांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. गायकीला म्हटलं, डॉक्टर बघू देत, मग सांगू, उगाच घबराट नको. बोलताना मलाच कळत होतं की मला घबराटीची भीती नव्हती.

तो शांतपणे म्हणाला, "गाई येत नाही म्हणून सकाळपासून लोकं मले हासून राह्यले. आता हासतीन नाही, मारतीन. पण सांगा लागते, बाई."

मी म्हटलं, "तुम्ही येऊ नका. चूक माझी आहे."

"गाई कोणाच्या हातच्या हायेत, हे गावाले मालूम हाय."

आम्ही दोघं निघालो. ढोल ऐकू येत होता आणि तो थांबायच्या आत पोचायचं होतं, कारण ढोल थांबला की गाई सोडतात. माझे गुडघे तेव्हाही दुखत होते. तो पुढे जाऊन थांबायचा, मी गाठलं की परत पुढे जायचा. आखराच्या अलीकडे, बांधावर, त्याने मला हाताने अडवलं. आपण दोघांनी कालवडीला हात लावला आहे, ढोरांत जायचं नाही, इथूनच बोला, म्हणाला.

इतकी वर्षं मी मुलांना हळू बोला म्हणून शिकवलं. त्या दिवशी बांधावरून ओरडले. आधी मराठीत, मग हिंदीत, कारण गावात दोन्ही बोलतात. आमच्या गोठ्यात लंपी निघाली आहे, ती कालवड मी आणली, गायकीने अलग बांधा म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, तुमची ढोरं घरी न्या.

ढोल थांबला, पण गाई कोणी सोडल्या नाहीत. शिंगं रंगवलेल्या गाई, गळ्यात झेंडूच्या माळा, सगळे आमच्याकडे बघत होते. एक तरणा माणूस गायकीवर खेकसला, दरवर्षी पुढं मिरवायचा, आता सांग कोणाची ढोरं मरतीन. गोवर्धनाजवळ बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "कागद पाहून गाय घेतली म्हणते. मंग दूध बी कागदाचंच काढ न माय." कोणी हसलं नाही. पण तिनेच आधी उठून आपल्या गाईचा दोर धरला आणि घराकडे वळली. तिच्यामागे दुसरा निघाला. तो तरणा माणूस सगळ्यांत शेवटी गेला. गोवर्धन तसाच राहिला, त्यावर एकही खूर पडला नाही.

कालवड सहाव्या दिवशी गेली. आपली सगळ्यांत म्हातारी गाय गेली, एक वासरू गेलं. गावात त्या तरण्या माणसाचा गोऱ्हा गेला. तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही, आणि ते बरोबर होतं. बाकी गाव वाचलं. गायकीच्या घरी दोन शेळ्या आणि एक गाय होती, म्हणून खपल्या पडेपर्यंत तो आपल्याच गोठ्यात राहिला. सून फाटकाबाहेर डबा ठेवून जायची. तो कडुलिंबाच्या पाण्याने जखमा धुवायचा, मी हळद लावायचे. एवढ्या दिवसांत त्याने त्या कागदाचा विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या पाडव्याला मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि गाई घेऊन पुढे व्हा म्हटलं. त्याने गाई नेल्या, पण सगळ्यांच्या मागे उभ्या केल्या. मी कारण विचारलं. म्हणाला, "पुढच्याच्या मागं गाव येते, बाई. गावानं म्हटलं तरच पुढं." गावाने अजून म्हटलेलं नाही.

आज गोठ्यात अकरा जनावरं आहेत, त्यातल्या तीन गाई तुमच्या पणजोबांच्या पहिल्या जोडीच्या वंशातल्या. धारा गायकीची सून काढते. नवीन जनावर आलं की पंधरा दिवस फाटकाबाहेरच्या छपरात राहतं, त्याचे कागद कसेही असोत. आणि पाडव्याला आमच्या गाई आखरावर जातात, शेवटी.