स्वयंपाकघरातली रेंज

सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये राउटर हॉलमध्ये आहे, टीव्हीशेजारी. वायफायवाल्याने वायर जिथून आत आली तिथेच तो ठोकला आणि आम्ही माना डोलावल्या. हॉलमध्ये रेंज उदंड. बेडरूममध्ये निभावतं. स्वयंपाकघर मात्र पार टोकाला, मध्ये बाथरूमच्या भिंती. तिथे फोनवर नुसतं चाक गोल फिरत राहतं. मोबाइलच्या नेटवर्कची प्रकृतीही तिथे तोळामासाच.

याचा त्रास एकट्या आईला. तिची बहीण, म्हणजे माझी मावशी, मुलाकडे मस्कतला असते. दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तो घ्यायला आईला हॉलमध्ये यावं लागतं, आणि हॉलमध्ये बाबा.

आई इथल्याच सारसोळ्याची, माहेरी आगरी बोलणारी. बाबा साताऱ्याकडचे, त्यात मराठीचे निवृत्त मास्तर. लग्नानंतर त्यांनी तिच्या 'पानी'चं 'पाणी' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं. प्रेमाने केलं, असं ते सांगतात. मला तर आई पहिल्यापासून पुस्तकासारखी बोलतानाच आठवते. मावशी विचारणार, "पानी येतं का गो नीट?" की सोफ्यावरून बाबा हसत म्हणणार, "पाणी हो, पाणी!" मावशीही हसायची. मग आई "बरी आहे, नंतर बोलू" म्हणून फोन ठेवायची. ते 'नंतर' कधी यायचं नाही. हळूहळू मावशीचे फोनही कमी झाले.

"स्वयंपाकघरात रेंज आणून दे रे," आई एक दिवस म्हणाली. कशाला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अशा कामांचा मला मुळातच कंटाळा.

वायफायची रेंज वाढवणारा रिपीटर आणला आणि मोठ्या शहाणपणाने थेट मिक्सरच्या प्लगमध्ये खोचला. रेंज जिथे नाही तिथेच लावायला हवा ना! दिवा लालच राहिला. बनवणाऱ्यांचा उद्धार करून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रेंज थोडीफार शिल्लक असेल तिथे तो लावायचा, मग तो ती पुढे पोचवतो. अशी जागा एकच निघाली, पॅसेजमधल्या देवघराचा प्लग. तिथे देवाच्या दिव्यांची माळ असते. एरवी त्या माळेला कोणी हात लावला तर आई घर डोक्यावर घेते. त्या दिवशी तिनेच ती काढली आणि समईत वात घातली.

दुपारी मावशीचा फोन आला. आई तो घेऊन ओट्याशी गेली. रिपीटर नीट बसलाय का पाहायला मी पॅसेजमध्ये उभा होतो.

"हिकरं कोन नाय गो," आई म्हणाली. "बोल आता. कशी हायस? सून काय बोलतं तुजी?"

मग ती सुटलीच. भरभर, मोठ्याने, मध्येच खो खो हसत. अर्धं मला कळलं नाही. ही बाई माझ्या ओळखीची नव्हती. 'कोन नाय' म्हणाली, म्हणजे ज्यांच्यासमोर असं बोलता येत नाही त्यांत मीही होतो, हे लागलं मला. पण तिला थांबवावंसं वाटलं नाही.

मी हॉलमध्ये टीव्ही बघत बसलेल्या बाबांशेजारी येऊन बसलो. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला तशी बाबांनी मान वळवली.

"कोणाशी बोलतेय रे ही?"

"बाबा," मी म्हटलं, "टीव्हीचा आवाज जरा वाढवा ना."