गवताच्या पेंढीचा केक

वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पंच्याहत्तरीला बैलाच्या आकाराचा केक करायची कल्पना माझी. भोंगवलीत एक बाई घरी केक करतात असं कळलं, म्हणून गेलो. बैलाच्या आकाराचं पत्र्याचं भांडं त्यांनी मुद्दाम घडवून घेतलं होतं. तूप लावताना त्यांचं बोट शिंगांच्या टोकापर्यंत हळूच जायचं. भाजलेला केक ताटात उपडा करून त्यांनी भांड्यावर दोन थापा दिल्या, जनावराच्या पाठीवर द्याव्यात तशा. मग माझ्या मोबाईलमधला आबांच्या बैलाचा फोटो निरखत क्रीमची झूल चढवली.

शेवटी त्यांनी शेजारी एक छोटा केक ठेवला. हिरव्या गवताची पेंढी.

"ही मी सांगितली नव्हती," मी म्हणालो.

"व्हय. पर सुरी हिच्यावर चालवा. जल्मभर बैल सांभाळलेल्या माणसाला बैल कापाय लावू नगा."

त्यांनी आबांना कधी पाहिलंही नव्हतं. आणि मला, त्यांच्या मुलाला, हे सुचलं नव्हतं.

संध्याकाळी आबांनी पेंढी कापली. पहिला तुकडा आम्ही त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी आधी ताटातल्या बैलाच्या तोंडापुढं ठेवला.