मोज्यांत जपलेलं बियाणं

अर्व्हेला शिंगोबी ह्या बाईशी वाद घालायला आमच्या मूलनिवासींच्या वस्तीत कुणी धजत नसे. धजत ते फक्त रानहंस. तिने पाणमांजराच्या तळ्याच्या उत्तर कोपऱ्यात मनोमिन, म्हणजे आमचा पाण्यात उगवणारा रानतांदूळ, पेरायचं आणि कोवळे शेंडे पाण्यावर आले की हंसांनी ते फस्त करायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. हंसांना कुंपण घातलं, तर बंधाऱ्यावरचे लोक ऐन जूनमध्ये पाणी वाढवणार आणि रोपं मुळासकट वर येणार. पाणी बेतात राहिलं, तर उन्हाळी बंगलेवाल्यांच्या मोटरबोटी नेमक्या तिथूनच जाणार. "एवढं मोठं तळं पडलंय, पण ह्यांना फिरायला माझाच कोपरा!" असं ओरडत अर्व्हेला काठावरून हातवारे करी. बोटीतली माणसं हसून तिलाही हात करीत. मग तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

बंधारा व्हायच्या आधी त्या कोपऱ्यात तिचे आजोबा तांदूळ काढायला होडी घालत. पाणी चढलं आणि तिथला तांदूळ गेला तो गेलाच. अर्व्हेलाने त्याचा दाणा कधी चाखला नव्हता. चाखलेलं माणूस आता एकच उरलं होतं, तिची जोसेटआत्या. नव्वदी उलटलेली, नजर गेलेली, जीभ मात्र शाबूत, दोन्ही अर्थांनी.

यंदा कधी नव्हे ते नशीब उघडलं. दुसऱ्या वस्तीतून मागून आणलेलं बी रुजलं, हंस दुसरीकडे मरायला गेले, आणि ऑगस्टात त्या कोपऱ्यात दोन-चार होड्या मावतील एवढं मनोमिन कणसांनी वाकून उभं राहिलं. अर्व्हेलाने जाहीर करून टाकलं की ह्याला कुणी हात लावायचा नाही. हे खायचं नाही, हे बियाणं. ह्या पाण्यात तगून दाखवलेलं बी कोपराभर पेरलं की तळं पुन्हा आपलं.

आता मनोमिन काढायची रीत काय अवघड आहे? एकाने लांब काठीने होडी रेटायची, दुसऱ्याने दोन हलक्या काठ्यांनी कणसं होडीवर वाकवून झोडायची. थोडे दाणे होडीत, थोडे पाण्यात. पण पाण्यात जाणारे अर्व्हेलाला बघवेनात. ते पडतील तिथेच पडणार, बाकीचे पाखरं टिपणार. तिला तर प्रत्येक दाणा स्वतःच्या हाताने, ठरवलेल्या जागी टाकायचा होता. बाईने काय करावं? घरोघर फिरून बायकांचे जुने नायलॉनचे पायमोजे गोळा केले, आणि कंबरभर पाण्यात उभं राहून एकेका कणसावर चढवले!

वस्तीला आयताच विषय मिळाला. पेट्रोलपंपावरचा लिओन तर रोज विचारी, "काय मावशी, थंडी वाजते काय तुमच्या तांदळाला?"

"हस मेल्या, हस. तळं भरू दे, मग दात मोजते तुझे."

तांदूळ पिकला आणि मोज्यांतच गळला. तिने तो पोत्यात भरला, पोत्याला भगवी फीत बांधली आणि आपल्या धक्क्याखाली पाण्यात बुडवून ठेवलं, कारण हे बी सुकलं की मेलं. हंस दक्षिणेला गेले की पेरायचं, असा बेत होता. तेवढ्यात मुलीचे दिवस भरले आणि तिला शहरात, दुलुथला, पळावं लागलं.

नातू बघून ती परतली, तर भावाच्या, डेल्मरच्या, अंगणातून तांदूळ भाजल्याचा वास येत होता. डेल्मर म्हणजे देवमाणूस, पण कानातलं यंत्र कायम खिशात. बायको गेल्यापासून त्याने कढईला हात लावला नव्हता. आज गडी घामाघूम होऊन हसत उभा होता.

"ताई, बघ तुझा तांदूळ! धक्क्याखाली कुजत पडला होता. म्हटलं, नातवाच्या गडबडीत विसरलीस. वाळवला, भाजला, खड्ड्यात पायांनी मळला, पाखडला. गुडघ्याचे पार बारा वाजले, पण दाणा बघ कसा उतरलाय!"

"डेल्मर, ते बियाणं होतं."

"काय?"

"बियाणं! बियाणं!"

त्याने शांतपणे खिशातून यंत्र काढून कानात घातलं. "हां, आता बोल."

तिने सांगितलं. तो खालीच बसला.

"मला विचारायचं तरी होतंस!"

"फोन केला होता की. तू उचलतेस कुठे?"

"बाळंतपणात होते रे मी!"

"तुझं?"

"मुलीच्या, गाढवा!"

चिडायचं तरी कुणावर, सांगा! परका माणूस असता तर त्याने त्या पोत्याला हातही लावला नसता. ओला तांदूळ पडून आहे आणि आमच्यातला माणूस तो भाजत नाही, असं कधी झालंय का? वर त्याने रीतीप्रमाणे तळ्याला तंबाखूही वाहिली होती. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि त्यानेच अर्व्हेलाचं डोकं जास्त फिरलं.

टाकून देणं तर पाप. म्हणून तो तांदूळ नव्या अन्नाच्या जेवणात गेला. सभागृहात प्रार्थना झाली, पितरांचं ताट बाहेर ठेवून झालं, आणि पंगतीत जो तो म्हणू लागला, काय चव आहे, काय चव आहे! अर्व्हेला तोंड कडू करून वाढत होती. "गिळा," ती पुटपुटली, "माझी सगळी मेहनत गिळा."

जोसेटआत्याने एक घास घेतला आणि चावता चावता थांबली.

"कुठला गं हा?"

"पाणमांजराच्या तळ्याचा. उत्तर कोपऱ्यातला."

आत्याने चाचपडत अर्व्हेलाचा हात धरला. "पुढच्या वर्षी मिळेल ना गं?"

"कुठला मिळतोय! बियाणंच खातोय आपण. विचार तुझ्या लाडक्या डेल्मरला."

"मग काय झालं? काढताना पाण्यात सांडलं असेल, ते उगवेल की. आमच्या वेळी वेगळं कोण पेरत होतं? सांडायचं, तेवढंच पुरायचं."

मोज्यांची गोष्ट आत्या सोडून सगळ्यांना ठाऊक होती. डेल्मरला आता बोलायची संधी होती, पण तो ताटात बघत राहिला. एवढे दिवस अर्व्हेला हंसांवर, बंधाऱ्यावर, भावावर करवादत होती, आणि तळ्याचा वाटा तर तिनेच अडवला होता.

"नाही सांडलं, आत्या," ती म्हणाली. "मीच सांडू दिलं नाही."

"एकही दाणा नाही?"

"एकही नाही."

आत्याने वाडगा पुढे केला. "मग वाढ आणखी," ती म्हणाली. "आज सावकाश खाते."

अर्व्हेलाने स्वतःसाठी ताटात काढून ठेवलेला सगळा भात त्या वाडग्यात घातला आणि आत्याचं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिली.