अर्ध्या ग्लासाचा फोटो

माझ्या बायकोच्या आत्यांइतकी दारूच्या बाटल्यांची पारख असलेली बाई अख्ख्या दिल्लीत दुसरी नव्हती, आणि त्यांनी आयुष्यात दारूचा थेंबही चाखलेला नव्हता. कोणतं लेबल पाहून मानेसरच्या कामगाराच्या घशाला कोरड पडते आणि कोणतं पाहून गुडगावच्या मॅनेजरच्या, हे त्या मटार सोलता सोलता सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई लोणच्याच्या मसाल्याबद्दल बोलतायत. आत्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. व्यसन आणि ताण माणसाच्या मेंदूत नेमकं काय करतात, हे चुंबकाच्या मोठ्या यंत्रातून पाहायचं, हा ध्यास त्यांनी चाळिशी उलटल्यावर घेतला. दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते, गुडगावात शेतांच्या कडेला काचेच्या इमारती येत होत्या, लोक नोकऱ्या बदलत होते, गाड्या बदलत होते आणि त्यांचे हप्ते फेडत होते. मी एका इंग्रजी दैनिकात बातमीदार होतो आणि या सगळ्याच्या बातम्या देत होतो. "रस्ता रुंद झाला की तुम्ही छापता, जावईबापू," आत्या मला म्हणत. "त्या रस्त्यावर रोज अडकून पडणाऱ्याच्या डोक्यात काय होतं, ते कुणी बघायचं?" उत्तराची त्यांना अपेक्षा नसे. बघणारं कोण, हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं होतं.

यंत्र मात्र त्यांच्याकडे नव्हतं. ते गुडगावच्या एका नव्या तपासणी केंद्रात होतं, आणि केंद्राच्या पंजाबी मालकाकडे जाऊन आत्यांनी त्याचे रविवार मागितले. "संडे को तो मेरा नौकर भी नहीं आता, मॅडमजी," तो म्हणाला. "तो आप भी मत आइए. चाबी दे दीजिए," आत्या म्हणाल्या. किल्ली मिळाली. त्यानंतर कित्येक वर्षं आत्यांचे रविवार त्या तळघरात गेले. दारू सोडलेली माणसं एकेक करून यंत्राच्या बोगद्यात झोपत. त्यांना आरशातून चित्रं दाखवली जात. चित्र पाहून मेंदूच्या कोणत्या भागात रक्त धावतं, ते बाहेरच्या पडद्यावर टिपलं जाई. तपासणीभर डोकं तसूभरही हलता कामा नये, आणि अंगावर धातूचा कणही असता कामा नये, या दोनच अटी. पैकी दुसरीने आत्यांचा स्वभाव कायमचा बिघडवला. कुणीही भेटलं की त्या आधी विचारत, "अंगात काही लोखंड आहे का?" आपल्या राज्य सरकारच्या अतिथिगृहात आम्ही एकदा साबुदाणा वडा खायला गेलो होतो. तिथे मुंबईहून आलेल्या एका अवर सचिवाला त्यांनी ओळख होण्याआधीच हा प्रश्न केला. तो गृहस्थ गडबडून म्हणाला, "अंगात नाही, पण पायात सळई आहे." आत्यांनी हळहळून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे जेवण होईपर्यंत त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. स्वतः साडीला पिन लावणं त्यांनी सोडून दिलं होतं. पदर कमरेला खोचून त्या अशा चालत, की कुठल्याही क्षणी कुणाशी तरी भांडण होणार असं वाटे. बहुधा होतही असे.

खरी पंचाईत निरोगी माणसांची होती. व्यसनी मेंदूशी तुलना करायला व्यसन नसलेला, ताण नसलेला मेंदू लागतो. पुरुषांवर आत्यांचा भरवसा नव्हता, म्हणून संक्रांतीला त्यांनी द्वारकेच्या फ्लॅटवर हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून यंत्राच्या गोंगाटात कानात घालायचे स्पंजचे बोळे वाटले. बायकांनी ते तिळगुळाबरोबर पर्समध्ये टाकले. "तुला काही ताण?" आत्या कुंकू लावता लावता प्रत्येकीला विचारत. "छे हो, कसला ताण, बिल्कुल नाही," प्रत्येकजणी म्हणे, आणि मग पाण्याचा टँकर, सासूबाईंचं दिल्लीत न रमणं, मुलाची नर्सरी ॲडमिशन आणि नवऱ्याची अमेरिकेच्या वेळेनुसार चालणारी नोकरी हे सगळं क्रमाने सांगे. आत्या मान डोलवत आणि मनातल्या मनात तिचं नाव खोडत. ज्या थोड्या उरल्या त्यांनी तळघरात मंगळसूत्र काढायला नकार दिला. धातू तो धातू. आत्यांनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी पिवळ्या दोऱ्यात ओवलेली हळकुंडं डबा भरून आणली. मंगळसूत्र तुटलं की नवं होईपर्यंत आपल्याकडे बायका गळ्यात हळकुंड बांधतात, तेवढाच आधार. तंत्रज्ञाने विचारलं, "मॅडम, यह क्या है?" आत्या म्हणाल्या, "टेम्पररी." माझ्या बायकोचा मेंदू त्या हळकुंडासकट नोंदवला गेला. माझाही नोंदवला. बाहेर आल्यावर मी उत्सुकतेने विचारलं, काय दिसलं. आत्या म्हणाल्या, "एकट्याच्या चित्रावरून काही सांगता येत नाही, जावईबापू. खूप जणांची एकत्र केली की काहीतरी दिसतं." हे वाक्य त्या सगळ्यांनाच ऐकवत. मला ते जरा लागलं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे घरात कुणी बोलत नसे, कारण त्याचं उत्तर आत्यांच्याच फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत राहत होतं. आत्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ते उत्पादन बघत. कारखाना वाढला, पाळ्या वाढल्या, काकांची बाटली वाढली आणि नोकरी गेली. दिवाळीपासून त्यांनी सोडली होती. आत्यांच्याच शब्दांत, "सोडली म्हणजे आज घेतली नाही." काका सकाळी पाण्याची मोटर लावत, भाजी आणत आणि उरलेला दिवस बाल्कनीत बसून कंपन्यांच्या बसेस जाताना बघत. माझी बायको तिथे गेली की पर्समधलं खोकल्याचं औषधसुद्धा गाडीत ठेवून वर जाई. काकांच्या ते लक्षात येई. "पहारा सगळे देतात," ते एकदा मला म्हणाले, "काम कुणी देत नाही." काका पुन्हा पितील का, हाच त्या घरातला एकमेव प्रश्न होता, आणि तो टाळून आम्ही हवापाण्यावर बोलत असू.

त्यातच अभ्यास अडला. दाखवायची चित्रं परदेशातून आली होती: उंच दांड्याचे ग्लास, मेणबत्त्या, समुद्रकिनारा, चीजचे तुकडे. ती पाहून आत्यांच्या माणसांच्या मेंदूत काही म्हणजे काहीच हलत नव्हतं. एकजण तर यंत्रात घोरला. तेवढ्यात केंद्राच्या मालकाने निरोप दिला, की उन्हाळ्यापासून रविवारीही पेशंट घेणार, मॅडमजींनी आपलं काम आटपावं. आत्या त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती चित्रं पसरून बसल्या होत्या. मी आणि बायकोही होतो. काका मागून आले, चष्मा लावून एकेक चित्र पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे बघून कुणाला प्यावंसं वाटणार? फार तर लग्न करावंसं वाटेल."

"मग काय दाखवू?" आत्या म्हणाल्या.

"दिल्लीत माणूस कुठे पितो? घरी बायको, बारला पैसे. गाडीत पितो. नाहीतर गाडीच्या बॉनेटवर. मी मांडून देतो, तू फोटो काढ."

माझ्या बायकोने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "आत्या, काकाच्या हातात बाटली देणार तू?"

"तू नको," आत्या भावाला म्हणाल्या. "मी दुसरा कुणीतरी बघते."

"दुसरा कोण? हे?" काकांनी माझ्याकडे बोट केलं. "यांना पव्वा आणि अद्धा यांतला फरक कळत नाही. ताई, तू मला इतकी वर्षं सांगतेस हा आजार आहे, लाज नाही. मग आजार जाणणारा माणूस म्हणून मला कामाला तरी लाव."

आत्यांनी टेबलावरची चित्रं गोळा केली. मग उठून त्यांनी कॅमेऱ्यात रोल आहे का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली आणायला आत्या स्वतः गेल्या. दारूच्या दुकानाच्या जाळीपुढची पुरुषांची गर्दी त्यांचा खोचलेला पदर पाहून दुभंगली. "माताजी, पहले आप," कुणीतरी म्हणालं. "एक अद्धा," आत्यांनी अर्ध्या बाटलीचं ते नाव ठणठणीत आवाजात सांगितलं, आणि दोन ब्रँडची लेबलं तुलना करून पाहायला मागितली. दुकानदाराने ती दाखवली. मग सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, कीकरच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या, झाडाखाली, माझ्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर काकांनी मांडणी सुरू केली. मी दिलेलं वर्तमानपत्र त्यांनी परत केलं. "पहिलं पान नको. पहिलं पान दिसलं की माणूस वाचत बसतो. आतलं द्या." आतल्या पानावर माझीच बातमी होती. काकांनी तिच्यावर भजी ठेवली. बाजूला कांद्याच्या चकत्या, हिरवी चटणी, प्लास्टिकचे पांढरे ग्लास, चाव्यांचा जुडगा. बाटलीचं बूच उघडताना कट्‌ असा आवाज झाला आणि काकांचा हात थांबला. मग त्यांनी ग्लासात ओतली, वर पाणी घातलं, कांदा थोडा डावीकडे सरकवला आणि मागे झाले. "घे." आत्यांनी फोटो घेतला.

"झालं ना?" माझी बायको म्हणाली.

"नाही. एक राहिला," काका म्हणाले. "अर्धा ग्लास. भरलेला ग्लास म्हणजे माणसाचं अजून ठरायचंय. अर्धा झाला की परत फिरता येत नाही. खरा तो."

ग्लास अर्धा व्हायचा तर त्यातली दारू कुठेतरी जायला हवी, हे आम्हा सगळ्यांना एकदमच सुचलं. काकांनी ग्लास उचलला. आत्यांनी कॅमेरा डोळ्याला लावलेलाच ठेवला. तो खाली घेतला असता तर त्यांचा चेहरा भावाला दिसला असता, असं मला आज वाटतं. काका ग्लासाकडे पाहत उभे होते. मग कीकरच्या बुंध्याशी गेले, मोजूनमापून अर्धा ग्लास मुळाशी ओतला, परत येऊन तो बॉनेटवर ठेवला आणि कडेला भज्याचं तेलकट बोट मुद्दाम उमटवलं. "आता घे. आणि कुणीतरी चहा टाका यार, लवकर." चहा त्यांनी गाडीकडे पाठ करून घेतला. पण ग्लास नंतर त्यांनीच धुतले.

त्या चित्रांनी यंत्राचा पडदा बदलला. परदेशी चित्रांपुढे घोरलेलाच माणूस अर्ध्या ग्लासापाशी आला आणि पडद्यावर रंग उसळले. बाहेर आल्यावर त्याने शर्टाने कपाळ पुसलं आणि विचारलं, "मॅडम, यह किसने लगाया है? अपना ही कोई आदमी है." आत्यांनी घरी येऊन हे वाक्य काकांना जसंच्या तसं सांगितलं. प्रशस्तिपत्रकं त्यांना भरपूर मिळाली असतील, पण मोठ्याने सांगितलेलं मी तेवढं एकच ऐकलं. काकांनी मग मागणी केली, की आता मलाही यंत्रात घाल. आत्या म्हणाल्या, "तू माझा सख्खा भाऊ, त्यात चित्रं तूच मांडलीस. यंत्रात तुझा मला काडीचा उपयोग नाही." काका हसायला लागले. पुष्कळ दिवसांनी हसले. "उपयोग नाही हे आजवर सगळ्यांनी सांगितलं," ते म्हणाले, "पण कारण पहिल्यांदाच पटलं." मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "पण मग मी बरा झालो की नाही, ते कोण सांगणार?"

"कुणी नाही," आत्या म्हणाल्या. "रोज सकाळी तू. पुढच्या रविवारपासून माझ्याबरोबर चल, माणसांच्या पिना काढायला कुणीतरी हवं आहे."

उन्हाळ्याआधी अभ्यास पुरा झाला. मालकाने पुढे अधूनमधून रविवार देणं चालूच ठेवलं. किल्ली मागून घेण्याची हिंमत त्याला झाली नसावी. काका दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "अंगात काही लोखंड आहे का?" उरलेल्या बाटलीवरून मात्र घरात वाद झाला. फेकून दे, असं माझी बायको म्हणाली. पेशंटांना आत्या स्वतः हेच सांगत, घरात थेंबही ठेवू नका. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू सांग." काका म्हणाले, "राहू दे. पुन्हा फोटो लागले तर?" बाटली स्वयंपाकघरात, हिंगाच्या डबीशेजारी गेली. कुलूप नाही, काही नाही.

पुन्हा फोटो लागले नाहीत. काही वर्षांनी आत्या गेल्या. यंत्र जुनं झालं, नवं आलं, प्लॉटवर इमारत झाली आणि कीकर गेला. परवा द्वारकेला गेलो तेव्हा काका एकटेच होते, चहा करत होते. मी साखर शोधायला कपाट उघडलं तर हिंगाच्या डबीशेजारी बाटली, लेबल फिकं पडलेलं, पण काच लखलखीत पुसलेली. दारूची पातळी त्या दुपारी जिथे होती तिथेच.

"काका, ही अजून आहे?"

त्यांनी गॅस बारीक केला. "ताईचं सामान आहे," ते म्हणाले. "तिथेच ठेवा."