चंद्रभागा मावशीची अर्ध्या तासाची शाळा

चंद्रभागाला मी सतरा वर्षं ‘अगं ए’ अशी हाक मारली. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि तरीही. मानपाड्याच्या आमच्या प्राथमिक शाळेत मी मुख्याध्यापिका, नंदाबाई, आणि ती शिपाई, एवढं मला पुरेसं वाटायचं. मुलं तिला मावशी म्हणायची. मुलांना जे कळलं ते कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

ती खाडीकडच्या कोळीवाड्यातली. नवरा होडीवर असायचा, तो छातीच्या दुखण्याने गेला. मुलगी उरणला दिलेली. सकाळी बहिणीच्या पाटीवर बसून मासळी विकायची आणि पावणेअकराला झाडू घेऊन शाळेत हजर. हात कितीही धुतले तरी वास राहायचा. मी तिच्या देखत उदबत्ती लावायचे आणि वर खिडकीही उघडायचे. आज हे लिहिताना मान वर होत नाही.

१९९५ साली एमआयडीसीतल्या एका कंपनीने आम्हाला कॉम्प्युटर दिला. त्यांच्या ऑफिसात जुना झालेला, पण आमच्याकडे त्याचं स्वागत नव्या सुनेसारखं. सोबत टकटक वाजणारा प्रिंटर. मी ठाण्याला जाऊन पंधरा दिवसांचा कोर्स केला होता, म्हणजे मालकीण मीच. अडगळीची खोली रिकामी करून तो तिथे ठेवला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण. चपला बाहेर. शनिवारी एकेक वर्ग रांगेने आत यायचा, हाताची घडी घालून मी काय करते ते बघायचा आणि रांगेनेच बाहेर जायचा. हात लावायची परवानगी फक्त मला, आणि पुसण्यापुरती चंद्रभागाला. तीही साबणाने हात धुऊन.

त्या वर्षी तिसरीत शकू नावाची मुलगी होती. तिचे वडील कंपनीत पहिल्या पाळीला सायकलवरून निघालेले, रस्त्यात टँकरने उडवलं. तेव्हापासून पोरगी शाळेत एक अक्षर बोलत नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची. वर्गाच्या बाई छडी दाखवायच्या, मी समजावायचे, दोन्हीचा उपयोग सारखाच. त्यात भर म्हणजे बसल्या जागी तिचे कपडे ओले व्हायचे आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. मी तिच्या आईला चिठ्ठी पाठवली, ‘पाल्याच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.’ काय पण अक्कल माझी.

चंद्रभागाने चिठ्ठी-बिठ्ठी पाठवली नाही. तिने नातीचे दोन जुने फ्रॉक घरून आणून ठेवले. मधल्या सुट्टीत शकूला मोरीवर न्यायची, धुवायची, कपडे बदलायची. ओला फ्रॉक वाळेपर्यंत पोरं चिडवतील म्हणून तिला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवायची. किल्ली तिच्या कमरेला असायचीच.

मला हे कळलं दिवाळीच्या सुट्टीनंतर. शिक्षकखोलीत डबा उघडला आणि चष्मा विसरल्याचं लक्षात आलं, म्हणून परत फिरले. कॉम्प्युटरच्या खोलीतून आवाज येत होता, बारीक आणि भरभर बोलणारा.

"असं नाय मावशी. माऊस सोडायचा नाय, दाबून धरायचा. हां, आता ओढ."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. चंद्रभागा खुर्चीत बसलेली, जिवंत चिंबोरी पकडावी तसा माऊस मुठीत धरलेला. शकू तिच्या मांडीला टेकून उभी. पडद्यावर चित्रं काढायचा प्रोग्रॅम.

"ह्या काय झाला गो? पुसला समदा?"

"पुसलं नाय, रंग बदलला. किती वेळा सांगायचं तुला?"

वर्षभर न बोललेली पोर चक्क शिकवत होती, वर रागावतही होती. शनिवारच्या रांगेत हाताची घडी घालून उभी राहिली तेव्हा माझी बोटं बघून तिने सगळं उचललं होतं. चंद्रभागाला खरोखरच काही येत नव्हतं, म्हणून शकूला बोलावं लागत होतं. आम्हा बायांना सगळंच येत होतं, आमच्याशी ती काय बोलणार?

यावर कोणाही शहाण्या बाईने काय केलं असतं? आल्या पावली मागे फिरली असती. मी दार ढकललं. "कोणाला विचारून बसलात?"

शकूचं तोंड मिटलं. चंद्रभागाने पदराने माऊस पुसला, पोरीला वर्गात पाठवलं आणि मग म्हणाली, "बाई, मना नाय येत म्हनून ती बोलते. वर्गात पन बोलंल, जरा थांबा. महिना झाला, ओली पन नाय होत."

मी बंद केलं नाही, एवढंच काय ते पुण्य माझ्या नावावर. "पण कोणाला दिसता कामा नये," असं बजावलं.

जानेवारीत तपासणी आली. ठाण्याहून साहेब येणार, सोबत कंपनीचे अधिकारी. आमच्याकडे रीत होती, तपासणीच्या आदल्या दिवशी कच्च्या मुलांची यादी करायची आणि त्यांना सांगायचं, उद्या घरीच राहा. मी नवी शिक्षिका म्हणून लागले तेव्हापासून ही रीत पाळत आले होते. यादीत पहिलं नाव शकूचं.

"बाई, त्या खोलीतला काम तिलाच येतं," चंद्रभागा म्हणाली. "तिला ऱ्हाऊ द्या."

"तू चहाचं बघ," मी म्हटलं.

चौथीतल्या उत्तमकडून मी आठवडाभर एक घर काढून घेतलं होतं. चौकोन, वर त्रिकोण, झालं घर. साहेबांसमोर त्याने ते बिनचूक काढलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पण साहेब तरुण होते, त्यांना त्यातलं कळत होतं. त्यांनी स्वतः माऊस घेतला आणि आत साठवलेल्या चित्रांची यादी उघडली. पन्नासएक चित्रं असतील. ती आत राहतात हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. साहेबांनी एक उघडलं. सायकल, हँडलला डबा, सायकलवर एक माणूस, मागे कॅरिअरवर फ्रॉकातली मुलगी. दोघंही हसत होती.

"वा, हा तर आमचा कामगार," कंपनीचे अधिकारी खूश झाले.

"सुंदर आहे," साहेब म्हणाले. "रोज बसवता मुलांना? कोणी काढलंय हे?"

चंद्रभागा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलले असते तर साहेब म्हणाले असते, बोलवा त्या मुलीला. मग ती का आली नाही, कोणी घरी बसवली, सगळी यादीच बाहेर आली असती.

"उत्तमनेच काढलंय," मी म्हणाले. "रोज बसवतो आम्ही."

उत्तम माझ्याकडे बघतच राहिला. बाईंना खोटं पाडायचं नाही, एवढं आम्ही त्याला पक्कं शिकवलेलं. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, चित्र छापून एक कागद स्वतः घेतला, दुसरा फलकावर लावायला सांगितला. मी वळणदार अक्षरात खाली लिहिलं, ‘उत्तम, इयत्ता चौथी’.

दुसऱ्या दिवशी शकू आली आणि फलकासमोर थांबली. वाचता तिला चांगलं येत होतं. प्रार्थनेची घंटा झाली तरी हलेना, शेवटी चंद्रभागाने हाताला धरून वर्गात नेलं. त्या दिवशी बाक पुन्हा ओला झाला. मधल्या सुट्टीत मोरीवर गेली, कपडे बदलले, पण खोलीत पाय टाकला नाही. मावशीशीही बोलणं बंद.

शाळा सुटल्यावर चंद्रभागा माझ्याकडे आली आणि न विचारता समोरच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"फलकावरचा चित्र ऱ्हाऊ दे. साहेबाला पन काय सांगू नका. फक्त पोरीला सांगा, का चित्र तुझाच हाय, माझी चूक झाली. तुमच्या तोंडून ऐकला म्हंजे ती परत बोलंल."

मी हो म्हटलं. उद्या सांगते म्हटलं. मग परवा. मग परीक्षा झाल्यावर. आठ वर्षांच्या पोरीसमोर मुख्याध्यापिकेने चूक कबूल करायची म्हणजे माझ्या अंगावर काटा यायचा. रोज पाच वाजता चंद्रभागा किल्ली टेबलावर ठेवायची आणि क्षणभर थांबायची. मी वहीत डोकं घालायचे.

मार्चअखेर शकूची आई दाखला न्यायला आली. इथलं भाडं परवडेना, साताऱ्याकडे भावाच्या गावी निघाल्या होत्या. शकू आईच्या पदराआड उभी. चंद्रभागा दाराशी येऊन थांबली, हातात काहीही नव्हतं. ती कशासाठी आलीय ते मला बरोबर कळलं होतं. मी दाखला लिहिला. वर्तणूक, चांगली. सही केली, शिक्का मारला. तोंड उघडलं.

"नीट जा," मी म्हणाले.

तेव्हा चंद्रभागा आत आली आणि शकूसमोर उकिडवी बसली.

"शकू, बाईंनी साहेबाला चिट्टी लिवली हाय. चित्र आमच्या शकूचा हाय, नाव चुकून दुसऱ्याचा लागला, असा लिवला. मी सोता वाचली."

तिला वाचता येत नव्हतं. शकूला हे माहीत नसावं, किंवा असेलही. चंद्रभागाने माझ्याकडे बघितलंदेखील नाही.

शकू पदराआडून बाहेर आली. माझ्या टेबलापर्यंत आली, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. माझ्याशी ती पहिल्यांदा आणि शेवटचं तेवढंच बोलली.

"थँक्यू बाई."

मी म्हणाले, "बरं."